ओलं की कोरडं, ते आधी बघा : पावसाळ्यातल्या त्वचाविकारांवर आयुर्वेदाच्या पद्धतीने घरगुती उपचार

पाऊस लागला की कोल्हापुरात औषधांच्या दुकानात एक वाक्य रोज ऐकू येतं, "खाजेची ट्यूब द्या." खाज कुठे आहे, कसली आहे, घरात आणखी कुणाला आहे का, हे विचारलं जात नाही आणि सांगितलंही जात नाही. अशा बऱ्याच ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते आणि आत बुरशी निवांत पसरत राहते. महिन्याभराने तोच नायटा मांडीवरून कंबरेपर्यंत आलेला असतो आणि त्याचं मूळ रूप इतकं बदललेलं असतं की डॉक्टरांनाही ओळखायला वेळ लागतो.

घरगुती औषधांचंही असंच चाललं आहे. कुणाला काहीही झालं की कडुनिंब आणि हळद वाटून थापायची. ही दोन्ही द्रव्यं उत्तमच आहेत, पण आयुर्वेदाने त्वचेच्या विकारांचा एवढा बारकाईने विचार केला तो सगळ्यांना एकच लेप लावण्यासाठी नाही. चरकसंहितेत त्वचाविकार 'कुष्ठ' या व्यापक नावाखाली येतात आणि त्याचे 18 प्रकार सांगितले आहेत, 7 महाकुष्ठं आणि 11 क्षुद्रकुष्ठं. यात नायटा आहे, खरूज आहे, इसब आहे, तळपायाच्या भेगाही आहेत. म्हणून वैद्यांनी कागदावर 'कुष्ठ' लिहिलं तर महारोगाच्या भीतीने हादरून जाऊ नका. या सगळ्या प्रकारांत सात गोष्टी बिघडतात असं शास्त्र सांगतं : वात, पित्त, कफ हे तीन दोष आणि त्वचा, रक्त, मांस, लसीका (कातडीखालचा पाण्यासारखा द्रव) ही चार दूष्यं, म्हणजे दोषांमुळे बिघडणारे शरीरातले घटक. कोणता दोष जोरात आहे त्यावर उपचार बदलतो.

घरी एवढा खोल विचार करता येत नाही. एक गोष्ट मात्र कुणालाही करता येते, ती म्हणजे जागा ओली आहे की कोरडी हे बघणं. माझ्या मते घरच्या उपचारातली निम्मी चूक इथेच होते. पाझरणाऱ्या जागेवर तेल चोपडलं जातं आणि कोरड्या, तडकलेल्या कातडीवर मुलतानी माती थापली जाते.

पहिली पायरी : उजेडात नीट बघा

सकाळी आंघोळीआधी, खिडकीपाशी बघा. बल्बच्या पिवळ्या उजेडात लाली कळत नाही.

कातडी कोरडी, खरखरीत, काळपट असेल, टोचल्यासारखं होत असेल तर वाताचा जोर. लाली, आग, पाझर, हात लावला तर गरम लागणं हे पित्ताचं. खूप खाज, जाडसर पांढुरका चट्टा, ओलसरपणा हे कफाचं. बहुतेक वेळा दोन दोष मिसळलेले असतात, त्यामुळे जे लक्षण सर्वांत जास्त त्रास देतं तेच धरा.

मग आकार बघा. गोल चट्टा, कडेला उंच लाल रेघ आणि मध्ये कातडी जरा बरी दिसत असेल तर तो नायटा. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती बारीक पुरळ, रात्री अंथरुणात खाज वाढते आणि घरातल्या आणखी एकाला तेच आहे, तर खरूज. अचानक गांधी उठल्या, काही तासांत गेल्या आणि दुसरीकडे उठल्या, तर ते अंगावर उठणारं पित्त (वर सांगितलेला पित्त दोष वेगळा). पायाच्या बोटांमध्ये कातडी पांढरी, भिजलेली, सोललेली असेल तर चिखल्या. चट्टा आधी पाझरतो, मग जाड होतो, काळवंडतो आणि वर्षानुवर्षं त्याच जागी परत येतो, तर बहुधा इसब.

दुसरी पायरी : घरी हात लावू नये अशा गोष्टी

फिकट किंवा लालसर चट्टा आहे, पण त्याला खाज नाही आणि कापसाचा बोळा फिरवला तरी स्पर्श कळत नाही, असं असेल तर लेपात एक दिवसही घालवू नका. ते महारोगाचं लक्षण असू शकतं. त्याचं औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं आणि वेळेवर घेतलं तर आजार पूर्ण बरा होतो. अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे फोड आणि ठणका असेल तर ती नागीण. तिचं औषध पहिल्या 3 दिवसांत सुरू झालं तर खरा उपयोग होतो, म्हणून गेरू लावत बसू नका. गांधींबरोबर ओठ, पापण्या किंवा जीभ सुजली, धाप लागली तर थेट 108 ला फोन करा.

मधुमेही माणसाच्या पायाला काहीही झालं, तान्ह्या बाळाला पुरळ आलं, गरोदरपणात अंगाला खाज सुटली, तापाबरोबर पुरळ आलं, तर आधी डॉक्टरांना दाखवा. कोल्हापूर शहरात सीपीआर या सरकारी रुग्णालयात त्वचेचे डॉक्टर भेटतात. तिथे निदान करून घेऊन मग वैद्यांकडे जाण्यात काहीच गैर नाही. उलट वैद्यांचं काम त्याने सोपं होतं.

तिसरी पायरी : कारण थांबवा

निदानपरिवर्जन, म्हणजे कारण काढून टाकणं, हा आयुर्वेदातला पहिला उपचार. नायटा, चिखल्या, खरूज यांत कारण बाहेर असतं : ओल, घाम, दुसऱ्याचा टॉवेल. पावसाळ्यात कपडे दोरीवर दोन-दोन दिवस दमट राहतात आणि तसेच घातले जातात. आतले कपडे, मोजे, लंगोट यांना शिवणीवरून गरम इस्त्री फिरवा. हे एक काम नेमाने केलं तर अर्धा नायटा आटोक्यात येतो. घट्ट जीन्स चार महिने कपाटात ठेवा आणि सुती, सैल कपडे घाला.

अंगावर उठणारं पित्त आणि इसब यांत खाण्याकडे बघावं लागतं. चरकांनी त्वचाविकारांच्या कारणांत विरुद्ध आहार वर ठेवला आहे : दुधाबरोबर मासे, दुधाबरोबर खारट-आंबट पदार्थ. उलटीचा वेग दाबून ठेवणं आणि भरल्या पोटी दुपारी झोपणं हीसुद्धा कारणं सांगितली आहेत. आता आपल्याकडे बघा. सकाळी झणझणीत मिसळ, दुपारी सुकट, रात्री जेवण झाल्यावर गंगावेशीच्या कट्ट्यावर उभ्या-उभ्या ग्लासभर म्हशीचं दूध. यातली प्रत्येक गोष्ट एकेकटी चांगली आहे. एकाच दिवशी, एकावर एक नको. पांढऱ्या रश्श्यात नारळाचं दूध असतं, त्याला हा नियम लागत नाही, पण तांबड्याचा तिखटपणा पित्ताला वाढवतोच. मासे आणि दूध एकत्र खाल्ल्याने त्वचारोग होतो असं आधुनिक वैद्यक मानत नाही, हेही मला माहीत आहे. तरी सारख्या गांधी उठणाऱ्याने तीन आठवडे हे पथ्य पाळून बघावं. त्यात पैसे जात नाहीत आणि अपायही नाही.

या काळात कांदा-लसूण मसाला निम्म्यावर आणा. रात्रीचं दही, लोणचं, शिळं आणि फरसाण बंद. मुगाचं वरण, ज्वारीची भाकरी, पडवळ, दुधी, कारलं चालेल. नायट्यावर मात्र नुसत्या पथ्याचा उपयोग होत नाही, ती बुरशी आहे.

चौथी पायरी : धुण्याचा काढा

कोणताही लेप लावण्याआधी जागा धुवायची असते. कडुनिंबाची दोन मुठी ताजी पानं आणि दोन चमचे त्रिफळा चूर्ण दोन लिटर पाण्यात घाला, मंद आचेवर पाणी निम्मं होईपर्यंत उकळा आणि जुन्या सुती कापडातून दोनदा गाळा. चोथा राहिला तर तोच कातडीला टोचतो. कोमट झाल्यावर त्याने जागा धुवा आणि पुसताना घासू नका, टिपून घ्या. काढा रोजच्या रोज ताजा करा. पावसाळ्यात तो दुसऱ्या दिवशी आंबतो.

पाझरणाऱ्या जागेला पहिले दोन-तीन दिवस एवढंच करा. काढ्यात बुडवलेली सुती घडी दहा मिनिटं जागेवर ठेवायची, दिवसातून तीन वेळा. वर काहीही लावायचं नाही. पाझर थांबला, वरची कातडी कोरडी झाली की मगच तेल किंवा तूप. तेवढ्यात पाझर थांबला नाही किंवा पिवळी खपली धरली तर जंतुसंसर्ग झाला आहे असं समजून दवाखाना गाठा.

पाचवी पायरी : विकारानुसार उपाय

नायट्याबद्दल जरा जास्त लिहितो, कारण आपल्याकडे तो तालमीपासून वसतिगृहापर्यंत सगळीकडे आहे. कुस्तीच्या हौद्यातल्या तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालायची पद्धत आहे. मातीचा मऊपणा राखण्याबरोबर पैलवानांच्या कातडीची काळजी हाही त्यामागचा विचार. पण एका अंगावरचा नायटा दुसऱ्या अंगावर जायला एक पकड पुरते. म्हणून "वस्ताद, जांघेत चट्टा आलाय, चार दिवस हौद्यात उतरत नाही," हे पोराने न लाजता सांगायला हवं आणि वस्तादांनीही ते ऐकायला हवं. मॅटवरच्या कुस्तीतही हाच नियम.

नायट्यावर आयुर्वेदातलं खास द्रव्य म्हणजे टाकळा. संस्कृतात त्याला चक्रमर्द म्हणतात आणि दद्रुघ्न, म्हणजे नायटा घालवणारा, असंही. पन्हाळा, राधानगरी, गगनबावडा भागात पहिल्या पावसानंतर बांधावर टाकळा माजतो. त्याच्या कोवळ्या पानांची भाजी होते. औषधाला लागतं ते बी, आणि बी पिकतं पाऊस सरल्यावर. त्यामुळे पावसाळ्यात ते काष्ठौषधीच्या दुकानातून आणावं लागतं. स्वतः गोळा करणार असाल तर एक खूण लक्षात ठेवा. टाकळ्याच्या पानाला तीन जोड्या पर्णिका असतात आणि त्या टोकाला गोलसर असतात. त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या कासविंद्याच्या पर्णिका चार-पाच जोड्या आणि टोकदार असतात. कासविंद्याचं बी विषारी आहे, पोरांच्या हाती लागू देऊ नका.

दोन चमचे टाकळ्याचं बी मिक्सरवर बारीक करून आंबट ताकात रात्रभर भिजवा. सकाळी पुन्हा वाटून गंधासारखं करा. पहिल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढं लावून धुवा आणि 24 तास थांबा. लाल झालं, आग झाली तर हा उपाय तुमच्यासाठी नाही. काही झालं नाही तर काढ्याने धुतलेल्या कोरड्या चट्ट्यावर, कडेबाहेर बोटभर जास्त, सकाळ-संध्याकाळ लावा. चट्ट्याच्या कडेवर पहिल्याच दिवशी बॉलपेनने रेघ ओढून ठेवा. आठवड्याने चट्टा रेघेच्या बाहेर गेला असेल तर लेप पुरेसा पडत नाही, बुरशीवरचं औषध डॉक्टरांकडून घ्या. आत आला असेल तर चट्टा गेल्यानंतरही दोन आठवडे लेप चालू ठेवा. लोक इथेच सोडतात आणि नायटा परत येतो. डोक्यात, नखात किंवा चेहऱ्यावर नायटा असेल तर हा प्रयोग करूच नका.

टाकळा मिळाला नाही तर बहाव्याची कोवळी पानं ताकात वाटून लावता येतात. हा योग चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या आरग्वधीय अध्यायातला आहे. त्या एका अध्यायात 32 लेप दिले आहेत.

लेप कसा लावायचा याचेही नियम आहेत. लव ज्या दिशेला असते तिच्या उलट लावावा. जाडी किती, तर सुश्रुतांनी म्हशीच्या ओल्या कातड्याएवढी सांगितली आहे. चप्पल बनवणाऱ्या आपल्या गावात हे माप कुणालाही कळेल. लेप पूर्ण वाळू देऊ नये, वाळायला लागला की धुवावा. कडक वाळलेला लेप कातडी ओढतो आणि खाज वाढवतो. रात्री लेप लावून झोपू नये, कालचा उरलेला लेप आज वापरू नये आणि जुन्या लेपावर नवा थापू नये.

चिखल्या हा भातलावणीचा आजार. सुश्रुतांनी 'अलस' नावाने त्याचं वर्णन अचूक केलं आहे : घाण चिखलाच्या संपर्काने बोटांच्या बेचक्यांत ओल, खाज, आग आणि वेदना. रोपं लावायला जाण्याआधी बोटांमध्ये करंजाचं तेल चोळा, ते पाणी लागू देत नाही. घरी आल्यावर मात्र तेल नाही. काढ्यात पाय दहा मिनिटं बुडवा, प्रत्येक बेचकं कापडाने कोरडं करा आणि हळद-त्रिफळ्याची वस्त्रगाळ पूड भुरभुरवा. रात्री बोटांमध्ये सुती कापडाची पट्टी ठेवून झोपा. दिवसभर गमबूट घालणाऱ्यांनी दुपारी अर्धा तास तरी पाय उघडे ठेवावेत.

पित्त उठलं की आमसूल. पाच-सहा आमसुलं वाटीभर पाण्यात अर्धा तास भिजवा, कुस्करा, गाळा आणि ते पाणी गांधींवर लावा. खाजवून कातडी फुटली असेल तिथे लावू नका, झोंबतं. वीस मिनिटांनी साध्या पाण्याने अंग धुवा. दुपारी बिनतिखटाचं कोकमाचं सार प्या. आदल्या 24 तासांत काय खाल्लं, कोणती गोळी घेतली, हे वहीत लिहून ठेवा. सहा आठवड्यांहून जास्त दिवस गांधी उठत राहिल्या तर तपासणी हवी.

खरूज झाली तर घरातल्या सगळ्यांवर एकाच दिवशी उपचार करायचे, खाज असो वा नसो. इथे मी स्पष्टपणे डॉक्टरांचं परमेथ्रिन मलम सुचवतो. मानेपासून तळव्यांपर्यंत रात्रभर लावायचं आणि आठवड्याने पुन्हा. मुलांचं प्रमाण डॉक्टरांना विचारा. अंथरुणं-कपडे उकळत्या पाण्यात धुवा. जे धुता येत नाही ते पिशवीत बांधून आठवडाभर बाजूला ठेवा. मागाहून राहणाऱ्या खाजेला कडुनिंबाच्या काढ्याची आंघोळ आणि खोबरेल पुरतं.

भेगांसाठी पाय कोमट पाण्यात भिजवून, टिपून, वर कोकमाचं तेल वितळवून भरा. फार खोल असतील तर चार भाग तिळाचं तेल आणि एक भाग मेण मंद आचेवर विरघळवून मलम करा. ग्रंथातल्या विपादिकेच्या, म्हणजे भेगांच्या, मलमातही मेण आणि राळ आहेच.

तारुण्यपीटिकांवर मंजिष्ठा आणि चंदन गुलाबपाण्यात उगाळून आठवड्यातून तीनदा लावलं तरी खूप झालं. पुटकुळ्या फोडू नका. लिंबू, दालचिनी, टूथपेस्ट चेहऱ्यापासून लांब ठेवा.

शतधौत घृत, म्हणजे शंभर वेळा धुतलेलं तूप : आग आणि कोरडेपणा यांसाठी

उन्हाने भाजलेली कातडी, कोरड्या इसबाची आग, दाढीनंतरची जळजळ, ऊसतोडीत पाल्याने ओरखडलेले हात यांसाठी घरात एक बरणी असावी ती याची. करायला कष्ट आहेत, पण इतकं सौम्य मलम दुसरं नाही.

घरचं गायीचं तूप 100 ग्रॅम घ्या. तांब्याची परात चिंच-मीठ लावून लख्ख घासा, धुवा, पुसा. तूप परातीत घाला, वर पेलाभर गार पाणी ओता आणि तळहाताने गोल फिरवत फेसा. सुरुवातीला तूप पाण्याला जवळ येऊ देत नाही, गोळे होऊन निसटतं. मिनिट-दोन मिनिटांनी पाणी गढूळ झालं की ओतून टाका आणि नवं पाणी घाला. असं शंभर वेळा. विसाव्या धुण्याच्या आसपास पिवळेपणा जायला लागतो, पुढे तूप फुगतं, पांढरं होतं आणि बोटावर लोण्यापेक्षा हलकं लागतं. तुपाचा वासही जवळजवळ जातो. दोघांनी आळीपाळीने केलं तर एका दुपारचं काम आहे. शेवटी परात तिरकी धरून पाण्याचा थेंबन्‌थेंब काढा आणि काचेच्या कोरड्या बरणीत भरा. तांब्यात ठेवू नका, कळकतं. दोन महिन्यांत संपवा आणि खवट वास आला तर टाकून द्या.

नायटा, चिखल्या आणि पाझरणाऱ्या जागेला हे लावायचं नाही.

हात लावू नयेत अशी औषधं

बिब्ब्याचं तेल कातडीवर लावल्याने फोड येऊन जखमा होतात. रुईचा चीक, लसूण चोळणं, चुना यांनीही कातडी भाजते. कोडासाठी बावची सुचवणारे पुष्कळ भेटतात. बावची लावलेल्या जागेवर ऊन पडलं तर मोठे फोड येतात आणि पोटात घेतली तर यकृताला इजा होऊ शकते. ती वैद्यांच्या हाताखालीच घ्यायची.

पोटातल्या औषधांचंही तसंच. चरकांनी खैराला कुष्ठनाशक द्रव्यांत श्रेष्ठ म्हटलं आहे. मंजिष्ठा, अनंतमूळ, गुळवेल आहेत. निंब, पडवळ, रिंगणी, गुळवेल, अडुळसा या पाच कडू वनस्पतींचं पंचतिक्त घृत आहे. पण कुणाला तूप, कुणाला विरेचन (जुलाब देणं) हे वैद्यच ठरवतील. वाताला तूप, कफाला वमन (उलटी करवणं), पित्ताला विरेचन आणि रक्तमोक्षण (रक्त काढणं), असा शास्त्राचा क्रम आहे आणि त्यालाही ऋतू बघावा लागतो, वमन वसंतात, विरेचन शरदात. आरोग्यवर्धिनीसारख्या गोळ्यांत पारा आणि तांब्याचं भस्म असतं, त्या दुकानातून परस्पर आणू नका. आसव-अरिष्टांत साखर आणि थोडं मद्य असतं, मधुमेह्यांनी आधी विचारावं. कडुनिंबाचा रस गरोदर बायकांनी घेऊ नये आणि निंबाचं तेल लहान मुलांच्या पोटात चुकूनही जाऊ देऊ नये.

वैद्यांकडे जाताना चट्ट्याचे तारखेसह फोटो, खाण्याची वही आणि आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून न्या, रिकाम्या असल्या तरी. स्टिरॉइडची ट्यूब महिनोन्‌महिने लावली असेल तर ती एकदम बंद केल्यावर कातडी आधी भडकते. त्या आठवड्यात कोणता लेप टाळायचा, हे ट्यूबेवरचं नाव वाचल्याशिवाय त्यांना सांगता येणार नाही.